चोवीस वायल

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी साडेआठ.
दस्तगीरभाई बाकावर येऊन बसायचे.
अंगाला लाखेचा वास, नखांत तुणीचा तांबूस भुसा,
खिशात माझ्याकडचं कार्ड घडी घालून :
आजार दुसऱ्यांदा आलेला,
म्हणून गोळ्यांच्या जोडीला सुई.

पांढरी पूड, रबरी बूच,
शेजारी पाण्याची काचेची कुपी.
कुपीच्या मानेवर इवलीशी कानस फिरवायची,
मग एक टिचकी.
'काळी तीन,' ते म्हणायचे, भिंतीकडे तोंड करून,
लेंग्याची नाडी सैल करता करता.
मला सुरातलं काय कळतंय.
मी म्हणायची, अंग ढिलं सोडा.

औषध खोटं नव्हतं, हे आधी सांगते.
आठव्या सुईला रात्रीचा ताप गेला.
दहाव्याला वजनकाटा एक्केचाळीसवरून चव्वेचाळीसवर,
आणि घरी खिमा मागितला म्हणे, वाटीभर, वर लिंबू पिळून.
खोकला गेल्यावर शनिवार पेठेतल्या दुकानात
शेजाऱ्यांना पहिल्यांदा
कानशीचा आवाज ऐकू आला.

बारावी. 'सिस्टर, दाढी करताना ओठ दुसऱ्याचा वाटतो.'
तेराव्या सुईला म्हणाले, रात्री उठलो
तर जमीन कृष्णेतल्या नावेसारखी. मी हसले.
अशक्तपणा, म्हटलं. अंडी खा.

डब्यातला तो कागद आठ घड्यांचा,
मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं.
आईचा चष्मा लावून मी तो घरी वाचला,
भाकरी करपेपर्यंत.

सोळाव्या दिवशी कुपी फुटली
आणि भिंतीकडून काहीच आलं नाही.
मन कुठंतरी असेल.
सतराव्याला मी उगाच दुसरी कुपी फोडली,
जरा जोरात.
पाठ तशीच. नाडीची गाठ तशीच चाललेली.

आवटे डॉक्टरांना मी विसाव्याच्या सकाळी सांगितलं.
मधल्या तीन सुया
माझ्या नावावर आहेत. कुठल्या रजिस्टरात नाहीत.

डॉक्टर मोठ्यानं बोलले, प्रत्येक शब्द सुटा करून :
पाच राहिल्यात. थांबवू?
थांबवलं तर छातीचं सांगता येत नाही.
चालवलं तर कानाचं.
दस्तगीरभाईंनी डॉक्टरांच्या ओठांकडे पाहिलं,
मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.
'कानात एक तार लागलीय, उतरतच नाही.
कुठल्या पट्टीत आहे तेही कळेना.
पण डॉक्टरसाहेब, भोपळाच फुटला
तर तारा ओढायच्या कशावर?'
आणि भिंतीकडे वळले.

पुढं कार्डावर शिक्का बसला : बरा झाला.
निळ्या शाईचा, जरा तिरका.

परवा स्टेशनहून येताना दुकानात डोकावले.
भिंतीला धरून ते आतून आले, दिवसाढवळ्या,
ओल्या फरशीवरून चालावं तसे.
मांडीवर तंबोरा आडवा, घोडीवर कानस,
समोर नात जुलेखा, नववीतली,
तार छेडत, डोळे मिटून.
ते तंबोऱ्याकडे बघतच नव्हते.
तिच्या भुवईकडे बघत होते.
भुवई आक्रसली की कानस थांबायची,
सुताचा धागा केसभर सरकायचा, पुन्हा छेड.
खर्ज अजून मिळतो, म्हणाले, पोटाला.
वरचं सगळं हिच्याकडे दिलंय.

माझ्याकडे पाहून हसले. चहा सांगितला.
मी विचारलं, जवारी लागली का?
त्यांना ऐकू आलं नाही.
जुलेखानं एक डोळा उघडला
आणि बोट ओठांवर ठेवलं.

आज सोमवार. बाकावर नवीन बाई आहे,
कवठेपिरानची, पदरात खोकणारी.
कानस, टिचकी.
मी कुपी हातात धरून जराशी थांबते.
'काय झालं, सिस्टर?'
काही नाही.
हा आवाज कसा आला, ते सांगा मला.